बेगमीबहाद्दर तात्या

मुंबईत जन्मभर कारकुनी करून माणूस पोलादपूरच्या डोंगरकपारीतल्या गावी परतला, की तो ग्रामपंचायतीला अर्ज तरी लिहितो, नाहीतर जनावरं पाळतो. आमच्या तात्यांनी दोन्ही केलं. अर्जांना उत्तरं आली नाहीत, मेंढ्या मात्र आल्या. दहा माद्या, एक नर.

दिवाळी झाली की घाटावरचे धनगर कळप घेऊन महाड-पोलादपूरकडे उतरतात, भात कापलेल्या खाचरांत मेंढरं बसवतात. शेताला लेंडीखत मिळतं, धनगराला धान्य नाहीतर पैसे. त्यातल्याच एकाकडून तात्यांनी हा संसार घेतला आणि त्याच रात्री वही घातली. पहिल्या पानावर मथळा : 'हिवाळी वैरण आराखडा'. कुठल्याशा बर्फाळ मुलखातला मेंढपाळ मोबाईलवर तसं सांगत होता. मेंढीचं वजन 30 किलो, कोरडा चारा वजनाच्या 3 टक्के, म्हणजे रोज 900 ग्रॅम. जनावरं 11, दिवस 120. एकूण 1,188 किलो. खाली लाल शाईत 'नासाडी वेगळी', सही, तारीख.

काकू पाखडता पाखडता म्हणाल्या, "अवो, थंडीत हितं मेंढरं कशाला उपाशी राहतील? बेगमी पावसाची करतात."

काकूंचं बरोबर होतं. थंडीत खाचरात भाताचे फुटवे असतात, बांधावर गवत असतं. खरी अडचण आषाढात. बाहेर सगळं हिरवंगार आणि मेंढी गोठ्यात अडकलेली, कारण चिखलात खूर कुजतात आणि भिजलेली लोकर वाळत नाही. म्हणून तर धनगर कोकणात पाऊस काढत नाही. तात्यांनी 'हिवाळी' खोडून 'पावसाळी' लिहिलं. बेरीज तीच ठेवली.

डोंगरातलं गवत फुलोऱ्यात असताना कापलं तरच त्यात कस राहतो, हे वहीत होतं. पण भाऱ्यामागे मजुरी किती, यावर तात्यांची घासाघीस इतकी लांबली की उभ्या गवताच्या काड्या झाल्या. त्याही कापून रचल्या, तर चैत्रात भाऊबंदांनी राब भाजायला नेल्या. "राबाला लागतंच ना, तात्या!" वहीत नोंद : 'आग, 40 भारे'.

उरला भाताचा पेंढा. त्यात प्रथिनं कमी, म्हणून 100 किलोला 4 किलो युरिया पाण्यात विरघळवून शिंपडायचा आणि तीन आठवडे हवाबंद झाकायचा. उपाय खरा आहे, पशुसंवर्धनवालेही सांगतात. उघडल्यावर दोन दिवस वारा द्यायचा असतो, तेही सांगतात. तात्यांनी तो थेट गोठ्यात नेला. मेंढ्या मागच्या भिंतीला जाऊन चिकटल्या, आणि शेजारी नाकाला पंचा लावून काय मेलंय ते विचारून गेले.

मे संपता संपता घाट चढायला निघालेला धनगर दारात थांबला. "जित्राबं माझ्यासंगं धाडा तात्या. कोकरं निम्मी तुमची, निम्मी माझी." तात्यांनी वही मिटली आणि मेंढ्या अर्धलीने वर गेल्या.

युरिया न लागलेला पेंढा अजून माळ्यावर आहे. कुणाला हवा असेल तर मृगाआधी या, आणि भावात घासाघीस करू नका. तात्या वही काढतात.