छत्र्यांचं गोत्र

हिंगोली जिल्ह्यात साठीपुढची चार माणसं पारावर बसली की पूर्वी हळदीचा भाव निघायचा, आता कोलेस्टेरॉलचा निघतो. बोलण्याची ढब तीच. "दोनशे चाळीस होतं, आता एकशे सत्तरवर आलं." फरक एवढाच, की हळद उतरली की तोंडं उतरतात आणि हे उतरलं की खुलतात. संत नामदेव हळद मार्केट यार्डात ज्यांची उमर गेली, त्यांना उतरत्या आकड्याचा आनंद मानायला लावणं, ही वैद्यकशास्त्राची लहानसहान कामगिरी नव्हे.

वसमतकडचे आमचे काका या नव्या बाजारातले जुने गिऱ्हाईक. रात्री जेवण झालं की ॲटोरव्हास्टॅटिनची गोळी, तिच्या शेजारी रक्त पातळ होण्याची. परवा पुण्याच्या लेकाने त्यांना एक डबा पाठवला. त्यावर लाखेचा हात फिरवल्यासारखी चकचकीत तांबडी छत्री छापलेली. रेशी म्हणतात तिला. आत रेशीसोबत कॉर्डिसेप्स आणि 'लायन्स मेन', म्हणजे सिंहाची आयाळ. सकाळी अनशापोटी चमचाभर कोमट पाण्यातून.

काकू माळकरी. त्यांची पहिली शंका, हे आपल्याला चालतं का? शंका अडाणी नव्हे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात लसूण-कांद्याच्या पंगतीला कवकंही बसवली आहेत, म्हणजे द्विजांना वर्ज्य. पण डब्यावर हिरवा ठिपका होता आणि आजकाल मनूपेक्षा ठिपक्याचा शब्द मोठा. गंमत म्हणजे रात्रीच्या गोळीच्या पाकिटावर ठिपकाच नसतो आणि तिची चौकशी कुणी करत नाही.

काकांचं तत्त्वज्ञान सोपं आहे. गोळी म्हणजे केमिकल, पावडर म्हणजे निसर्ग. रात्री केमिकलने जे बिघडेल ते सकाळी निसर्ग दुरुस्त करील. हा तह फार सुबक आहे. अडचण एकच, दोन्ही पक्ष एकाच भावकीतले आहेत.

अकिरा एंडो नावाचा जपानी शास्त्रज्ञ. जन्म १९३३चा, उत्तरेकडच्या अकिता प्रांतातल्या शेतकऱ्याच्या घरातला, लहानपणापासून अळंबी आणि बुरशीच्या नादी लागलेला. पेनिसिलिन शोधणारे फ्लेमिंग हे त्याचं दैवत. बुरशी ही जागेवरून हलू न शकणारी जात. शेजारी चढून आला तर पळायची सोय नाही, म्हणून ती रसायनं सोडून लढते. एंडोंनी तर्क केला, की एखादी बुरशी शत्रूच्या पेशीला लागणारा स्निग्ध पदार्थच तयार होऊ देत नसेल, आणि तसं असेल तर तेच अस्त्र आपल्या यकृतातल्या कोलेस्टेरॉलवरही चालेल. तर्क एका ओळीचा, पण त्यासाठी सहा हजारांच्या आसपास बुरशी तपासाव्या लागल्या. १९७३च्या सुमारास हाती लागली ती क्योटोतल्या एका धान्याच्या दुकानातल्या तांदळावरची निळी-हिरवी बुरशी. आपल्याकडे असा तांदूळ निघाला असता तर दुकानदाराशी भांडण होऊन विषय मिटला असता. तिच्यातून निघालेला पदार्थ हा सगळ्या स्टॅटिनांचा मूळ पुरुष. १९८७ साली अमेरिकेत बाजारात आलेलं लोवास्टॅटिनही बुरशीचंच. काकांची ॲटोरव्हास्टॅटिन कारखान्यात घडते हे खरं, पण काम तेच करते. एंडो २०२४ साली नव्वदाव्या वर्षी गेले.

उलटही खरं आहे. सोयाबीनच्या भुसकटावर आपल्याकडे जी धिंगरी अळंबी वाढवतात, तिच्यात लोवास्टॅटिनचा अंश सापडलेला आहे. भाजीपुरती खाल्ली तर त्याने काही होत नाही. चिनी पद्धतीचा लाल बुरशीचा तांदूळ मात्र 'नैसर्गिक' म्हणून बाटलीत भरून विकतात आणि त्यातलं मुख्य द्रव्य म्हणजे हुबेहूब लोवास्टॅटिन. गोळीसोबत तो घेतला म्हणजे एकच औषध दोन नावांनी घेतलं. मग पिंढऱ्या दुखतात, आणि खुरपणीच्या दिवसांत पिंढऱ्या कुणाच्या दुखत नाहीत? संशय घ्यायलाही जागा उरत नाही. रेशीचा प्रश्न निराळा. तिच्याने रक्त गोठायला उशीर लागतो अशी शंका आहे, आणि काकांकडे त्या कामाला गोळी आधीच लावलेली.

हे डॉक्टरांना कळायला हवं होतं. ते दर खेपेला विचारतातही, "दुसरं काही चालू आहे का?" काका दर खेपेला सांगतात, "काही नाही." खोटं बोलायचा माणूस नव्हे तो. जे मेडिकलात मिळतं ते औषध, जे कुरिअरने येतं ते खाणं, असा त्यांचा हिशेब.

या खेपेला काकूंनी सगळं पिशवीत भरून नेलं. अर्जुनारिष्ट, मेथीची पूड, लसणाची कॅप्सूल, रेशीचा डबा आणि तळाला हळदीच्या गोळ्यांची बाटली. डॉक्टरांनी डबा उलटा करून बारीक इंग्रजी अक्षरं मराठीत वाचून दाखवली : औषधी वापरासाठी नाही. कायद्याने छापावंच लागतं ते. पुढच्या बाजूला मात्र हृदय, मेंदू, प्रतिकारशक्ती, सगळी खाती एकाच मंत्र्याकडे होती.

"मग ही हळद तरी?" काकूंनी विचारलं. २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या वसमतच्या हळदीवर कोण शंका घेणार! पण इटलीत २०१९ साली हळदीच्या अर्काच्या गोळ्या खाणाऱ्यांत यकृताला सूज आलेले रुग्ण निघाले होते, काहींना कावीळ झाली होती. या गोळ्यांत बहुधा मिऱ्याचा अर्क घालतात, तो हळद अंगात जास्त मुरवतो आणि दुसऱ्या औषधांच्याही वाटेत येतो. डॉक्टर म्हणाले, "काकू, वरणात घाला तेवढी."

काकांचं लक्ष तिकडे नव्हतंच. त्यांनी बाटलीवरची किंमत पाहिली, आतलं वजन पाहिलं, डॉक्टरांचाच पेन मागून घेतला आणि रक्ताच्या रिपोर्टच्या पाठीवर क्विंटलचा हिशेब मांडला. "साहेब," ते म्हणाले, "आम्ही शिजवून, वाळवून, पॉलिश करून यार्डात नेतो तीच ही. मग हा भाव घ्यायलंय तरी कोण?"

डॉक्टरांनी त्यांचा बीपी पुन्हा तपासला.