निमकीची खिडकी

सरकत्या खिडकीबद्दल एक गोष्ट कुणी सांगत नाही. ती अर्धीच उघडते. उजवी काच सरकवली की ती डावीच्या पाठीमागे जाऊन उभी राहते, डावी सरकवली की उजवीच्या पाठीमागे. जोर लावा, तेल घाला, शिपायाला बोलवा, मुख्याध्यापकांना बोलवा, निम्मी खिडकी बंदच. बरं, यात बिघाड काही नाही, तिची घडणच तशी आहे. आणि दुर्ग-भिलाईतलं कुरुद असो, कोहका असो की जामुल, जी नवी शाळा ‘आरामदायी, शांत आणि वीज वाचवणारी’ अशी पाटी लावून उभी राहते, तिच्या वर्गांना हीच खिडकी असते. पावकी, निमकी, पाऊणकी आपल्या शाळांतून केव्हाच हद्दपार झाल्या. मुलांना आता अर्ध्याचा पाढा येत नाही. इमारतीला येतो.

इमारतींच्या नियमावलीत हवेसाठी एक माप दिलेलं आहे. कोरड्या उष्ण हवामानात खिडक्या-झरोक्यांचं क्षेत्रफळ खोलीच्या जमिनीच्या किमान एक दशांश हवं, दमट उष्ण हवामानात एक षष्ठांश. कुरुदला दोन्ही हवामानं भोगायला मिळतात, एप्रिल-मेमध्ये पहिलं आणि जुलै-ऑगस्टमध्ये दुसरं, तेव्हा मोठं माप धरू. आठ बाय सहा मीटरचा वर्ग म्हणजे 48 चौरस मीटर. खिडक्या हव्यात 8 चौरस मीटरच्या. नकाशात 8 असतात. मोजमाप पुस्तकात 8 असतात. बिलात 8 असतात. प्रत्यक्ष हवा येते ती 4 मधून, उरलेल्या 4 चौरस मीटरांचा वारा कागदावर वाहतो. नियम लिहिणारा माणूस भोळा नव्हता. खिडकीचा काही भाग पक्का बंद असेल तर उघडणारा भागच धरावा, अशी टीप त्याने जोडून ठेवली आहे. पण सरकत्या खिडकीचा कुठलाच भाग ‘पक्का’ बंद नसतो. सकाळी डावा बंद असतो, दुपारी उजवा. दोन्ही भाग उघडतात, हे कोर्टातसुद्धा सिद्ध करता येईल. ते एकाच वेळी उघडत नाहीत, एवढ्या किरकोळ मुद्द्यावरून कुणाचं बिल अडवायचं?

आता निमकीवरून पावकीकडे जाऊ. वाऱ्याला खोलीत शिरायला वाट लागते तशी बाहेर पडायलाही लागते, म्हणजे खिडक्या समोरासमोरच्या भिंतींत हव्यात. जुन्या शाळेत एका अंगाला ओसरी आणि दुसऱ्या अंगाला मैदान असायचं, त्यामुळे हे आपसूक साधायचं. नव्या शाळेत मधोमध अंधारा बोळ आणि दोन्ही हातांना वर्ग, एखाद्या लॉजसारखे. एकाच भिंतीला खिडक्या. वारा येतो, समोरची भिंत बघतो आणि आल्या पावली परत जातो. त्यातल्या एका खिडकीपुढे लोखंडी कपाट उभं असतं, कारण कपाटाला दुसरी जागा नकाशातच नसते. डासांची जाळी लावली की वाऱ्याचा आणखी एक हप्ता कापला जातो. खालच्या पट्टीत पहिल्याच सत्रात पेन्सिलीचा भुसा, वेफर्सचा चुरा आणि नंदिनी रोडची धूळ जाऊन बसते. दुसऱ्या वर्षी काच अडते, तिसऱ्या वर्षी ती कुणाच्या अंगावर पडू नये म्हणून तिला स्क्रू मारतात. मग खरा खेळ सुरू होतो. काच पश्चिमेला असल्याने दुपारी डिजिटल फळ्यावर ऊन पडतं आणि अक्षरं दिसत नाहीत, म्हणून पडदे ओढायचे. पडदे ओढले की वर्गात अंधार, म्हणून भर दुपारी सगळे दिवे लावायचे. पडद्याने होती नव्हती ती हवाही अडते, म्हणून पंखे पाचवर. पंखे पाचवर घरघरले की बाईंचा आवाज पोचत नाही, म्हणून बाईंना गळ्यात अडकवायचा माईक. माईकचा आवाज गुळगुळीत भिंतींवर आपटून घुमतो आणि मागच्या बाकाला एकच बाई तीन-तीनदा ऐकू येतात. बाहेर कडक ऊन, आत दिवे, पंखे आणि लाउडस्पीकर. आणि छतावर सोलर पॅनेल, ज्यांच्यामुळे शाळा ‘वीज वाचवणारी’ ठरते. सूर्य पडद्याने अडवायचा आणि त्याच सूर्याची वीज करून दिवा लावायचा, हा द्राविडी प्राणायाम पाहून सूर्यालासुद्धा क्षणभर ढगाआड जावंसं वाटेल.

सूर्याबद्दल थोडं गंभीरपणे बोलायला हवं, कारण त्याच्याशी वाटाघाटी होत नाहीत. कुरुद 21 अंश उत्तर अक्षांशाच्या जरासं वर आहे. मेच्या शेवटच्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या मध्याला सूर्य इथे भर दुपारी नेमका डोक्यावर येतो, उभ्या खांबाची सावली नाहीशी होते. मधल्या काळात, म्हणजे शाळा उघडतात त्या जूनमध्ये, तो दुपारी जरासा उत्तरेकडेच असतो. याचा साधा अर्थ असा की दुपारचा सगळा मारा छतावर होतो आणि सकाळ-संध्याकाळचा पूर्वेच्या नि पश्चिमेच्या भिंतींवर. म्हणून इमारतीच्या लांब बाजू उत्तर-दक्षिणेला ठेवायच्या, पूर्व-पश्चिमेला आखूड आणि शक्य तितक्या खिडक्यांविना. हे गवंड्याला ठाऊक आहे, गोठा बांधणाऱ्याला ठाऊक आहे. पण शाळेची लांब बाजू रस्त्याकडेच असते, रस्ता कुठल्याही दिशेला असो. कारण फोटो रस्त्यावरून निघतो. छताचा फोटो कुणीच काढत नाही, त्यामुळे ज्या स्लॅबचा पृष्ठभाग उन्हाळ्यात साठ अंशांच्या पुढे जातो तो तसाच करडा, उघडा पडून असतो. काऊचं घर शेणाचं होतं ते पावसात वाहून गेलं, एवढंच आपल्याला लहानपणी सांगितलं. चिऊच्या मेणाच्या घराचं मे महिन्यात काय झालं, ते गोष्टीत नाही. मेण साधारण 62 अंशांना वितळू लागतं. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत शाळेची इमारत ‘सर्व ऋतूंत चालणारी’ असावी असं लिहिलं आहे. आपण त्याचा अर्थ सर्व ऋतू आत चालू द्यावेत असा घेतला.

हे झालं उन्हाचं. खुद्द मुलांचीही ऊब असते, आणि ती हिशेबात धरायला कुणी तयार नाही. बाकावर शांत बसलेलं शाळकरी मूल साधारण 70 वॅट उष्णता बाहेर टाकतं. 45 मुलं म्हणजे तीन किलोवॅटच्या वर, म्हणजे वर्गाच्या मधोमध तीन इस्त्र्या दिवसभर चालू. आणि मूल शांत बसलेलं असेल हे गृहीत धरून. ही ऊब वर चढते. तिला बाहेर काढायला जुन्या वर्गांत छताखाली रोशनदान असायचं, वितभर उंचीची आडवी फट, जिच्यात चिमण्या घरटी करायच्या. ती फट आता राहिलेली नाही. ती गेली कारण पीओपीचं खोटं छत आलं, आणि खोटं छत आलं कारण त्यात गोल दिवे बसवता येतात. इथे विनोद सुचत नाही. वितभर भोक, ज्याला वीज लागत नाही, बटण लागत नाही, निविदा लागत नाही, ते बुजवण्यासाठी पैसे खर्च केले गेले! सातवीतल्या पोरीला दुपारी दोन वाजता चक्कर आली की तिने डबा खाल्ला नसेल असं म्हणतात, तिच्या डोक्यावरचं भोक कुणी बुजवलं ते कुणी विचारत नाही.

शांततेची गोष्ट तर याहून मजेची. शाळेभोवतीचं 100 मीटरचं क्षेत्र कायद्याने शांतता क्षेत्र मानता येतं आणि तिथे दिवसा 50 डेसिबलची मर्यादा असते. तशी पाटी फाटकावर लावलेली असते. तिच्यावर भोंग्याचं चित्र आणि त्यावर लाल फुली. ट्रकवाल्याने ती वाचली असं समजू. पण आतल्या गोंगाटाला कुठली पाटी लावणार? काँक्रीटचं छत, छातीपर्यंत चकचकीत फरशा, खाली व्हिट्रिफाइड टाइल्स, एका बाजूला काच. या खोलीत आवाज शोषून घेणारी एकच वस्तू असते, विद्यार्थी. चांगल्या वर्गात आवाज विरायला 0.6 सेकंदांहून जास्त वेळ लागू नये असं मानतात. रिकाम्या टणक खोलीत तो एक सेकंद सहज ओलांडतो, म्हणजे बाईंचा दुसरा शब्द पहिल्याच्या शेपटीवर पडतो. शिवाय शिकवणाऱ्याचा आवाज भोवतालच्या गोंगाटापेक्षा 15 डेसिबलने वर असावा लागतो. पंखे आणि रस्ता मिळून 60 झाले तर बाईंनी 75 वर बोलायचं. ते बोलणं नव्हे, ओरडणं. तेही दिवसभर. ज्या मुलाची घरची भाषा छत्तीसगढी किंवा मराठी आणि पुस्तकाची हिंदी किंवा इंग्रजी, त्याला तर अर्धवट ऐकू आलेला शब्द अंदाजाने पुरा करता येत नाही, कारण तो शब्द त्याच्याजवळ आधी नसतोच. त्याच्या वाट्याला धडाही निमकीचाच. उपाय मागच्या भिंतीवर आणि छताला काहीतरी मऊ लावणं एवढाच. बाजारातला ध्वनिशोषक फलक परवडत नसेल तर दोन जाड गोधड्या टांगा. फोटोत वाईट दिसतील, हे मान्य.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: सरकारी पैशात हे कुठून बसणार? बसतं, कारण यातलं बरंचसं फुकट आहे. दिशा फुकट आहे. समोरासमोर खिडक्या ठेवायला विटा जास्त नव्हे, कमीच लागतात. बिजागरीची दोन झडपांची खिडकी पूर्ण उघडते आणि ती बनवणारा सुतार अजून जिवंत आहे. झडप बाहेर उघडली तर डोक्याला लागते म्हणतात. हे खरं आहे, म्हणूनच तिच्यावर छज्जा आणि बाहेर ओसरी असायची. छतावर चुन्याचे पांढरे हात मारले तर खालची खोली दोन ते पाच अंशांनी उतरते. पत्र्याला शिव्या घालणाऱ्यांनी बुर्किना फासोमधल्या गांदो या खेड्यातली 2001 सालची प्राथमिक शाळा आठवावी. तिथेही ऊन चाळिशी गाठतं आणि वर पत्राच आहे. पण तो विटांच्या भोकाभोकांच्या छतापासून बराच उंच उचललेला आहे, दोन्हींच्या मधून वारा वाहतो आणि आतली गरम हवा भोकांतून वर निघून जाते. भिंती गावच्या मातीच्या, बांधायला हात गावकऱ्यांचे. म्हणजे दोष पत्र्याचा नाही, पत्रा डोक्याला चिकटवण्याचा आहे. आणि हे पोलादाचं गाव, इथे पत्रा हातभर वर उचलायला चार अँगल मिळत नाहीत असं कुणी म्हणू नये.

दुसरा आक्षेप: एसी लावला की संपलं. संपत नाही, तिथूनच सुरू होतं. भिंतीवरचा एसी खोलीतलीच हवा फिरवून फिरवून गार करतो, बाहेरची आणत नाही. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड दहा लाखांत साधारण 420 भाग असतो. दारं-खिडक्या लावून 45 मुलं बसवली तर तासाभरात तो दोन हजारांपलीकडे सहज जातो. मुलं गार होतात आणि पेंगतात, आणि शिस्त आली असं वाटतं. तिसरा आक्षेप सर्वांत लाडका: आम्ही नाही का शिकलो तसल्या शाळांत? शिकलात की. 1956 पर्यंत दुर्ग आणि नागपूर एकाच राज्यात होते, आणि त्या काळच्या शाळांना उंच कवेलूचं छत, ओसरी आणि रोशनदान असायचं. तुम्ही ज्या ‘तसल्या’ शाळेत शिकलात ती या नव्या शाळेपेक्षा गार होती, एवढाच त्या वाक्याचा अर्थ. आणि जे उकाड्याने मधूनच उठून गेले ते हे वाक्य बोलायला उरलेले नाहीत.

एक उपाय मात्र आपण मनापासून स्वीकारला आहे, इमारत न सुधारता कॅलेंडर सुधारण्याचा. 2024 आणि 2025, दोन्ही वर्षी छत्तीसगडमध्ये उन्हाळी सुट्टी मेपर्यंत थांबली नाही, एप्रिलच्या शेवटच्या दहा दिवसांतच सुरू झाली. विदर्भात शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. मुलांचे प्राण वाचतात, त्यामुळे तक्रार नाही. पण खिडकी अर्धी, तास अर्धा ऐकू येणारा आणि आता वर्षही दोन्ही टोकांनी कुरतडलेलं, हा पाढा कुठवर म्हणायचा?

येत्या 16 जूनला दुपारी एक वाजता, उद्घाटनाचा कूलरवाला मांडव निघून गेल्यावर, बिलावर सही करणाऱ्याने मोजपट्टी घेऊन नव्या वर्गात जावं. कपाट बाजूला करावं, स्क्रू काढावा, खिडकी होईल तेवढी उघडावी आणि जिथून हात बाहेर जातो तेवढीच जागा मोजावी. जितके चौरस मीटर भरतील तेवढ्याचेच पैसे द्यावेत.