उजेडाची दरखास्त

शेतीपंपाची वीज मध्यरात्रीनंतर देण्याच्या प्रथेस कंटाळून हिंगोली जिल्ह्यातील एका होतकरू तरुणाने, अंधारात हात नेमका स्टार्टरच्या बटनावर पडावा एवढ्याच माफक हेतूने, पेटीवर एक स्वयंप्रकाशी काचनळी बसविण्याचे मनात आणले, अशी कल्पना करावी. आणि ही नळी बाळगणे कायदेशीर आहे किंवा कसे, असल्यास ती मिळते कोठे, असे सरकारदरबारी लेखी विचारण्याचा अक्षम्य प्रामाणिकपणाही त्याने दाखविला, असे समजावे.

नळी तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी. आत ट्रिटियम नावाचा किरणोत्सारी वायू कोंडलेला, काचेला आतून चकाकणारा लेप; ना तार, ना सेल, आणि उजेड निम्म्यावर येण्यास बारा वर्षे. या वायूचे किरण काचही भेदीत नाहीत. मात्र नळी फुटून वायू श्वासावाटे शरीरात गेल्यास ते इष्ट नव्हे, म्हणून कायद्याचे भय सर्वथा निराधार म्हणता येत नाही. स्वित्झर्लंडात या नळ्या घड्याळांच्या काट्यांत बसवितात. इंग्लंडात त्या किल्ल्यांच्या जुडग्याला लोंबतात. अमेरिकेच्या नियामकांस तीच नळी जुडग्याला असली की चैनीचा चाळा वाटतो, परंतु पिस्तुलाच्या नेमावर असली की रास्त वाटते.

आपल्याकडे २००४ च्या विकिरण संरक्षण नियमांनी असल्या द्रव्याचा कारभार अणुऊर्जा नियामक मंडळाच्या संमतीवर सोपविला. अल्प मात्रेस सूट देण्याची सोयही आहे. परंतु मात्रा किती, हे शेतकऱ्याच्या पोराने कशाने मोजावे? शिवाय मंडळ मुंबईस अणुशक्तिनगरात. योगायोग असा की, अणुऊर्जा खात्याचाच गुरुत्वलहरी टिपणारा लायगो प्रकल्प आमच्याच औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळ्याच्या माळावर होत असून, त्यासाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ च्या एप्रिलात २,६०० कोटी रुपये मंजूर केले. तेथे किरणोत्सर्गाचा लवलेश नाही. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांमधून लेझरचा झोत सोडून, कोट्यवधी प्रकाशवर्षांपलीकडे दोन कृष्णविवरे आदळल्याची खबर हिंगोलीस लागेल, एवढी ती तजवीज आहे. दरखास्त कोणत्या मेजावर अडली, याची खबर लागण्याची तजवीज मात्र कोणत्याही मंत्रिमंडळाने अद्याप केलेली नाही.

आता त्या तरुणाच्या आजोबांची वरात पाहा. डोक्यावर गॅसबत्त्या घेतलेल्या माणसांच्या दुतर्फा रांगांतून ते घोड्यावरून मिरवले. त्या बत्तीतील जाळीदार मेंटल थोरियमच्या क्षारात भिजवून केलेले असे, आणि थोरियम हा किरणोत्सारी असून त्याचा अर्धायुकाल सुमारे चौदाशे कोटी वर्षांचा आहे. नवे मेंटल प्रथम पेटविले की सूत जळून राखेची पांढरी पोकळ बोंडी उरे; बत्तीवाल्याचा धक्का लागला की ती ढासळे, तो ती राख खुशाल फुंकून टाकी आणि खिशातून दुसरे मेंटल काढून दोऱ्याने बांधी. त्याजकडे कोणी दाखला मागितला नाही, की राखेचा पंचनामा केला नाही.

याच्या उलट, दिल्ली विद्यापीठाने १९६८ साली घेतलेले कोबाल्टचे किरणयंत्र २०१० मध्ये चक्क लिलावात भंगार म्हणून विकले, मायापुरीच्या भंगारवाल्यांनी ते फोडले, आणि त्यात एका मजुराचा प्राण गेला. नियम तेव्हाही होते. विद्यापीठाने विचारले नाही, एवढेच. तेव्हा माझ्या मते कायद्याचा दोष कडकपणाचा नसून, विचारणाऱ्यालाच धरण्याच्या सवयीचा आहे.

तरुणाने तूर्त नंबरप्लेटवाल्याकडून चमकती पट्टी आणून पेटीवर डकवावी व बॅटरीचा झोत टाकून बटन शोधावे. नळी हवीच असेल तर मंडळाची संमती हाती आल्याखेरीज परदेशी पैसे धाडू नयेत. आणि वाचकहो, तुमच्या माळ्यावर आजोबांच्या काळची गॅसबत्ती असेल, तर ती उतरविताना मेंटलची राख फुंकू नका. ओल्या फडक्याने टिपून घ्या, आणि मग हात धुवा.