पोत्यात भरलेली मांजरा

आमचा भाचा लातूरला बारावीत आहे. लातूरला पोरं येतात ती डॉक्टर-इंजिनिअर व्हायला. हा तिथलाच असून अर्थशास्त्र घेऊन बसलाय, त्यामुळे घरात जरा सुतकी वातावरण असतं. परवा गेलो तेव्हा तो वहीत एक फुगीर रेघ काढत होता.

"उत्पादन शक्यता वक्र, मामा. देशाकडं साधनं ठरलेली. तेवढ्यात तोफा करा, नाही तर लोणी करा. एक वाढवलं की दुसरं घटतंय. जे घटलं तो संधी-खर्च."

लातूरच्या पोरानं तोफांशी काय करायचं? मी म्हणालो, "तोफा खोड आणि ऊस लिही. लोणी खोड आणि तूर लिही. साधन म्हणजे पाणी."

"नोट्समध्ये नाही, मामा. मार्क जातील."

"आणि ह्या रेघेच्या बाहेर काय असतं?"

"तिथं जाताच येत नाही. साधनं पुरत नाहीत."

बिचाऱ्यानं अजून प्रचारसभा ऐकलेली नाही. शिवारभर ऊस, तालुक्याला नवा कारखाना आणि घरोघरी रोज नळाला पाणी, हे सगळे बिंदू त्या रेघेच्या बाहेरच आहेत आणि दर पाच वर्षांनी आपण सगळे तिथं जाऊन येतो.

एप्रिल 2016 ची गोष्ट ह्या पोराला, तेव्हा लहान असल्यामुळे, अंधुकच आठवते. लातूरला पाणी देणारं मांजरा नदीवरचं धरण कोरडं पडलं होतं. पाणी भरण्याच्या ठिकाणी मारामाऱ्या नकोत म्हणून शहरात जमावबंदी लावली होती. कळशी घेऊन पाच जण उभे राहिले तर बेकायदा जमाव! मग 12 एप्रिलला मिरजेहून रेल्वे आली, 10 वाघिणी, सुमारे 5 लाख लिटर पाणी. देशभरचे कॅमेरे आले. कुणी हार घातला, कुणी नारळ फोडला, आणि श्रेय कुणाचं यावरून पोस्टरं लागली. पुढं वाघिणी 50 झाल्या आणि एका खेपेला 25 लाख लिटर येऊ लागलं.

आता भाच्याच्या वहीत मागच्या पानावर आम्ही एक हिशेब केला. एक किलो साखरेमागं शेतात दीड ते दोन हजार लिटर पाणी लागतं, असं केंद्राचा कृषी मूल्य आयोगच सांगत आलाय. म्हणजे 50 किलोच्या एका पोत्यात पाऊण ते एक लाख लिटर. म्हणजे ज्या गाडीला हार घातले, तिच्यातलं पाणी साखरेची पाच-सहा पोती! दहा टनाचा एक ट्रक साखर भरून कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडला, की 50 वाघिणींच्या सहा ते आठ गाड्या जिल्ह्याबाहेर गेल्या. त्या ट्रकला कुणी हार घालत नाही. घालतात फक्त मोळी टाकायच्या दिवशी, तेही गव्हाणीला.

(शेताचं पाणी आणि पिण्याचं पाणी वेगळं, अशी पत्रं संपादकांकडे येतीलच. कबूल. बोअरला मात्र हा फरक अजून कुणी समजावून सांगितलेला नाही.)

भाच्याचा पुढचा धडा व्यापाराचा होता. डेव्हिड रिकार्डो नावाच्या लंडनच्या शेअर दलालानं 1817 साली दाखवलं, की पोर्तुगालला ठरावीक वाइन करायला 80 माणसं लागतात आणि कापडाला 90. इंग्लंडला त्याच वाइनला 120 आणि कापडाला 100. पोर्तुगाल दोन्हींत सरस. तरी त्यानं वाइन करावी आणि कापड इंग्लंडकडून घ्यावं, त्यात दोघांचं भलं. माझी बहीण दाजींपेक्षा भाकरीही चांगली करते आणि हिशेबही चांगला ठेवते, तरी हिशेब दाजींकडे आहे, तो याच तत्त्वावर. निदान दाजी तसं सांगतात.

पण रिकार्डोनं मोजली ती माणसं. पाणी मोजलं नाही. लंडनच्या माणसाला ते सुचायचं कारणही नव्हतं. आपणही मोजत नाही. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपाचं वीजबिल 2024 पासून माफ आहे. त्यामुळे साखरेच्या हिशेबात बेणं येतं, खत येतं, तोडणी-वाहतूक येते, मांजरा कुठल्याच रकान्यात येत नाही. ज्याची किंमत शून्य, त्याचा त्यागही शून्य. मग मराठवाडा साखरेत सरस निघणारच. शून्य किमतीत वाळवंटसुद्धा भातशेतीत सरस निघेल.

आणि एवढ्यावर आपण थांबलेलो नाही. 2019-20 च्या हंगामात साखर परदेशी जावी म्हणून केंद्रानं टनाला 10,448 रुपये मदत दिली. टनभर साखर म्हणजे पंधरा-वीस लाख लिटर पाणी. घरचं पाणी न्या आणि वर दहा हजार घेऊन जा, असं आदरातिथ्य पुण्यात ऐकलंय का कधी? ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांनी जागतिक व्यापार संघटनेत तक्रार ठोकली, की भारत साखरेला बेकायदा मदत करतो. 2021 च्या डिसेंबरात निकाल आपल्या विरोधात गेला. आपण अपील केलं. अपील ऐकणारं मंडळ 2019 पासून सदस्यांअभावी बंद आहे, म्हणजे तारीख पे तारीखसुद्धा नाही. आपलं पाणी फुकट चाललंय, हा मात्र त्या दाव्याचा विषयच नव्हता. मराठवाडा त्यात पक्षकारच नव्हता.

तूर? लातूर म्हणजे डाळ गिरण्यांचं गाव. तूर पावसावर येते, फार लाड मागत नाही. 2015 ला तूरडाळ दोनशे रुपये किलोवर गेली, आणि जुलै 2016 मध्ये, म्हणजे मिरजेची गाडी आली त्याच उन्हाळ्यानंतर, भारतानं मोझांबिकशी तुरीच्या आयातीचा करार केला. साखर गेली, डाळ आफ्रिकेहून आली, पाणी मिरजेहून आलं. रिकार्डोलाही असा व्यापार सुचला नसता. त्याला दोनच देश पुरले होते.

हे सगळं मी दाजींना मोठ्या उत्साहानं ऐकवलं. त्यांचा तीन एकर ऊस आहे. ते शांतपणे सुपारी कातरत होते.

"पाव्हणं, तुम्ही आता सांगायलात. आम्हाला 2016 लाच सगळ्यांनी सांगितलं, तूर लावा. लावली. पाऊस पडला, पीक आलं. हमीभाव 5,050, आणि बाजारात त्याच्या खाली. खरेदी केंद्रावर ट्रॅक्टर घेऊन आठ दिवस रांगेत. का? तर बारदाना संपला."

"पोती नव्हती?"

"तुरीला नव्हती. साखरेला कवा कमी पडलीत?" त्यांनी सुपारी पुढं केली. "उसाचं कसं, टोळी येती, तोडून नेती. चौदा दिवसांत पैसे द्यायचा कायदा हाय."

"मिळतात चौदा दिवसांत?"

"कायदा हाय की."

भाचा वही घेऊन दाजींकडे बघत राहिला. संधी-खर्च आपल्या बापानं 2017 सालीच काढून ठेवलाय, तोही ट्रॅक्टरवर बसून, हे त्याला नोट्समध्ये कुणी सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात बहीण आतून म्हणाली, "दादा, चहात साखर किती?"

"दोन चमचे."

"दहा ग्रॅम," भाचा वहीतून मान वर न करता म्हणाला. "म्हणजे वीस लिटर."

बहीण साखरेचा डबा हातात घेऊन दारात उभी राहिली. नळाला पाणी अजून तीन दिवसांनी यायचं होतं.

"अर्धीच बादली घाल," मी म्हणालो.

चहा आला. दाजींनी बशीत ओतला, एक घोट घेतला आणि बशी खाली ठेवली.

"गोड कमी हाय."