अठरावं पत्र कुठंय, मामा?

तीर्थस्वरूप मामांस, भाचीचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र खुलंच लिहितेय. बंद पत्रांवर तुमचा हात फार लवकर पडतो.

आधी अभिनंदन. जालना बियाण्यांसाठी नावाजलेलं, पण 1998 चा माल 2024 पर्यंत कोरडा राहिला तो तुमच्याच घरात. सतरा आंतरदेशीय पत्रं, कपाशीच्या बियाण्याच्या रिकाम्या पिशवीत, वर कडुलिंबाचा पाला. प्रत्येकाची कड ब्लेडनं सरळ कापलेली, घाईत फाडलेलं एकही नाही. चोरीतसुद्धा दुकानदाराचा नीटनेटकेपणा!

अर्थात पिशवी टिकली याचं श्रेय तुमचं नाही. तुम्ही ती मामीला जाळायला दिली होती. मामी म्हणते, "काडीच सापडंना." सव्वीस वर्षं त्या बाईनं तुमच्या दोन वेळच्या भाकरी भाजल्या, देवापुढं दिवा लावला. या एका कामाला तेवढी तिला काडी मिळाली नाही.

तो डिसेंबर आठवतो? मुंबईत 'फायर' चित्रपटावरून थिएटरची तोडफोड झाली आणि तुम्ही दुकानात पेपर वाचून गिऱ्हाइकांना सांगत होतात, "असली थेरं परदेशातली, आपल्याकडं नाहीत." तेव्हा माझ्या मैत्रिणीनं मला लिहिलेली निम्मी पत्रं तुमच्या गल्ल्यात होती. परदेशातून आलेली, म्हणजे मंठा तालुक्यातून. तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' रंगमंचावर आलं ते 1981 साली, म्हणजे आपला जिल्हा झाला त्याच वर्षी. तुमच्यापर्यंत फक्त जिल्ह्याची बातमी पोचली वाटतं.

तिला स्थळ तुम्हीच आणलंत. भाचीच्या मैत्रिणीसाठी एवढी पायपीट करणारा मामा! गल्लीत तुमचं किती कौतुक झालं. नंतर मला सांगितलंत, "ती सासरी रमली, तुला विसरली." आणि तिला निरोप धाडलात की माझंही लग्न ठरलं, आता पत्रं नकोत. दर रामनवमीला तुम्ही जांबला जाता. तिथला मुलगा 'सावधान' ऐकताच बोहल्यावरून पळाला म्हणून त्याच्यापुढं तुम्ही माथा टेकता. ती शेवटच्या मंगलाष्टकापर्यंत उभी राहिली. तिच्या वेळी 'सावधान' ऐकून सावध झालात ते तुम्ही.

पिशवी घेऊन मी मंठ्याला गेले. नवरा वारून तिला बरीच वर्षं झालेली, ओसरीवर शिलाई मशीन, गळ्यात टेप. मला बघून म्हणाली, "उत्तर द्यायला लई येळ लावलास." मी पिशवी पुढं केली. बोट जिभेला लावून, नोटा मोजाव्यात तशी तिनं पत्रं मोजली. मग पुन्हा मोजली. "सतराच हायेत. मी अठरा लिहिली होती."

आता आम्ही जालन्यात दोन खोल्यांत राहतो. घरमालकीण म्हणते, "बरं झालं, एकमेकीला सोबत." केस पांढरे झालेल्या दोन बायकांवर कुणी संशयसुद्धा घेत नाही, मामा, जरा वाईटच वाटतं. कायद्याचं म्हणाल, तर सर्वोच्च न्यायालयानं 6 सप्टेंबर 2018 ला आपल्या मर्जीनं जवळ येणाऱ्या प्रौढांना 377 कलमातून सोडवलं, आणि 17 ऑक्टोबर 2023 ला आमच्यासारख्यांच्या लग्नाला मान्यता द्यायचं नाकारलं. पेढे वाटायचे असतील तर ही दुसरी तारीख ध्यानात ठेवा. मात्र 2024 च्या ऑगस्टमध्ये केंद्रानं स्पष्ट केलं की अशा जोडीदारांना बँकेत एकत्र खातं काढता येतं, एकमेकांना नॉमिनी करता येतं. लागलीच काढलं. नात्याच्या रकान्यापाशी कारकून अडला. "बहीण लिहू का?"

ती म्हणाली, "बहीण असते तर हिच्या मामानं पत्रं पोचवली असती."

तर मुद्द्याचं. अठरावं पत्र तुम्ही पिशवीत टाकलंच नाही. वाचलंत, घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवलंत आणि त्या रात्री जेवला नाहीत, असं मामी सांगते. त्यात काय होतं ते मी हिला कितीदा विचारलं. ही मशीन चालवत राहते. "वाच की," म्हणते.

रजिस्टर पोस्ट आता स्पीड पोस्टात मिसळलंय, तेव्हा स्पीड पोस्टानंच पाठवा. कड कापलेली असली तरी चालेल.

तुमची भाची