लोण्याचा गोळा आणि धनुष्य

रामायण-महाभारत ऐकत वाढलेल्या माणसाला धनुष्याबद्दल सगळं ठाऊक असतं. ते तासलं कुणी, एवढं सोडून. धनुष्य उचलणारे, ताणणारे, मोडणारे सगळे तोंडपाठ. करणारा म्हणून फार तर विश्वकर्म्याचं नाव निघतं, म्हणजे मामला थेट देवांच्या कारखान्यातला. शुक्ल यजुर्वेदाच्या तिसाव्या अध्यायात मात्र नाना धंदे करणाऱ्यांची एक लांबलचक यादी आहे. तीत बाण करणारा, धनुष्य करणारा आणि दोरी करणारा असे तिघं वेगवेगळे मोजलेत. हौशी माणूस ही तिन्ही कामं एकटा अंगावर घेतो, तीही रविवारी, गॅलरीत, चादर अंथरून.

माझी सुरुवात धामणीपासून झाली. धामण हे सह्याद्रीतलं झाड. लाकूड चिवट आणि लवचिक, त्यामुळे अवजारांच्या दांड्यांना नामी. गावाकडून उभी फाडलेली, सावलीत वाळवलेली एक फाक आली, माझ्या उंचीपेक्षा चांगली लांब. पहिलं धनुष्य लांबच करावं. लांब लाकडाला त्यामानानं कमी वाकावं लागतं आणि ते नवशिक्याला सांभाळून घेतं. फाक घेऊन मी आमच्या गल्लीतल्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी ती नाकासमोर धरली, एक डोळा मिटला.

"वाकडी आहे, साहेब."

"असू द्या मिस्त्री, शेवटी वाकवायचीच आहे."

"मग आधी सरळ करू या. नंतर निवांत वाकवा."

आमच्यातला मतभेद पुढे वाढतच गेला. साल सोलल्यावर जो पृष्ठभाग हाती लागतो ती धनुष्याची पाठ, आणि ती निशाणाकडे असते, पोट तिरंदाजाकडे. वाकताना पाठ ताणली जाते, पोट दाबलं जातं. पाठीवरचे तंतू मधेच कापले गेले की ताण आल्यावर तिथूनच चीर धरते. म्हणून पाठीला रंधा लावायचाच नाही. उंचवटा आहे? राहू दे. गाठ आहे? तिच्याभोवती जरा जास्त लाकूड ठेवून वळसा घालायचा. जन्मभर उंचवटा दिसला की रंधा मारलेल्या माणसाला हे सांगणं म्हणजे त्याच्या धर्मात ढवळाढवळ. "एकच हात मारतो हो, गुळगुळीत करून देतो," असं म्हणत मिस्त्री पुढे झाले, तेव्हा मी फाक छातीशी धरली. त्यांनी रंधा खाली ठेवला खरा, पण चहा होईपर्यंत त्यांची नजर त्या उंचवट्यावरून हलली नाही.

पाठ सोडली की सगळं काम पोटाकडून. आधी वाकस, मग कानस, शेवटी काचेचा तुकडा. काचेनं खरवडलेला कीस इतका पातळ निघतो, की वारा आला तर तो उडून खालच्या मजल्यावर वाळत घातलेल्या साड्यांवर बसतो. मग खालचा मजला वर येतो.

खरी परीक्षा भिंतीवर असते. धनुष्याची मूठ खुंटीवर आडवी टेकवायची, दोरी खालच्या कप्पीतून काढायची आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभं राहून हळूहळू ओढत बघायचं. दोन्ही पाती सारखी वाकली पाहिजेत. ती वाकत नाहीत. डावं पातं झकास कमान धरतं, उजवं ढिम्म. आता तासलेलं लाकूड परत चिकटवता येत नाही, त्यामुळे दुबळ्याला बळ देण्याची सोयच या धंद्यात नाही. बळकट आहे त्याला खाली आणायचं. उजवं खरवडलं. आता डावं ताठ वाटतं. डावं खरवडलं. दोन बोक्यांच्या भांडणात लोणी सारखं करून देणारं माकड आपण लहानपणापासून ऐकत आलो. या पारड्यातला घास, मग त्या पारड्यातला. इथे फरक इतकाच, की लोणी आपलं, बोके आपले आणि माकडही आपणच.

यामागे गणित आहे आणि ते निर्दय आहे. लाकडाचा ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे बदलतो. जाडी 10 टक्क्यांनी कमी केली की ताठपणा 27 टक्क्यांनी उतरतो. रुंदीचं तसं नाही, तिथे 10 ला 10 असा सरळ व्यवहार. एवढंसं खरवडल्यानं काय होतंय, हे आपलं मत, लाकडाचं नव्हे. शिवाय लाकूड आपलं मत लगेच सांगतही नाही. थोडं खरवडून दोरी वीस-तीस वेळा हलक्या हातानं ओढावी, तेव्हा कुठे झालेला फरक नजरेला येतो. तेवढा धीर धरायचा कुणी? आधीचा कीस जमिनीवर टेकायच्या आत पुढचा निघालेला असतो. विमानाची बॅग तोलायच्या हुकाच्या काट्यावर 40 पौंडांचं व्हावं म्हणून घेतलेलं धनुष्य समतेच्या मार्गानं 20 वर उतरतं. नवशिके मग ते पुतण्यासाठी केलं होतं असं सांगतात. जगात अशा पुतण्यांची संख्या मोठी असावी.

दोरीची बाजू त्यापेक्षा निवांत. अर्थशास्त्रात कौटिल्यानं दोरीसाठी मूर्वा, रुई, ताग, वेळू, स्नायू अशी यादीच दिली आहे. त्यातला वेळू आजही टिकून आहे. सातपुड्यातल्या भिल्लांच्या बांबूच्या कमठ्याला दोरीही बांबूच्याच चिवट पट्टीची असते, बाजारात जायचं कारणच नाही. मी चप्पल शिवायचा मेणदोरा अनेक पदरी वळला. बाजारात जावं लागलं.

घरच्यांचं म्हणणं, हे पूर्ण कधी होणार? यावर माझ्याकडे एक भक्कम दाखला आहे. 1991 मध्ये आल्प्सच्या बर्फात सुमारे 5,300 वर्षांपूर्वीचा एक माणूस सापडला. वय पंचेचाळीसच्या आसपास, उंची अंदाजे 1.60 मीटर. जवळ तांब्याची कुऱ्हाड आणि यू जातीच्या लाकडाचं 1.82 मीटर लांब धनुष्य. ते अर्धवट होतं. तासल्याच्या खुणा अजून त्यावर दिसतात. भात्यात 14 बाण, त्यातले तयार दोन. "बघ, त्याचंही राहिलंच होतं," असं मी सांगितलं. "त्याचा पसारा निदान डोंगरावर तरी होता," असं उत्तर आलं.

तेव्हा करायचं असेल तर खुशाल करा, धनुष्य होतं. एक गोष्ट तेवढी सांभाळा. बाण न लावता ताणलेली दोरी कधीही सोडू नये. बाणासोबत जायचा जोर मग लाकडातच राहतो, आणि महिनोन्महिने जपलेलं पातं कडाड्कन जातं. आणि घरी आलेला पाहुणा नेमकं तेच करतो: धनुष्य उचलतो, "अरे वा!" म्हणतो, कानापर्यंत ओढतो आणि सोडून देतो. पाहुणे यायचे असले की दोरी उतरवून धनुष्य माळ्यावर टाका, आणि कुणी विचारलंच तर पडद्याचा दांडा आहे म्हणून सांगा.