कसोटीकाका

चांदीचा जुना रुपया कुठेही निघो, आजीच्या ट्रंकेत, देवघराच्या फडताळात नाहीतर पाडायला काढलेल्या वाड्याच्या कोनाड्यात, तासाभरात कसोटीकाका दारात हजर. बोलावणं लागत नाही. असा एक इसम प्रत्येक आळीत असतोच. कुणी निवृत्त कारकून, कुणी विज्ञानाचा मास्तर, तर कुणी ‘आमचे मामा सराफ होते’ एवढ्या भांडवलावर तज्ज्ञ झालेला. चष्मा कपाळावर, खिशात लोहचुंबक आणि चेहऱ्यावर लॅबचा रिपोर्ट उघडणाऱ्या डॉक्टरसारखं गांभीर्य.

‘आण पाहू इकडे,’ म्हणत ते नाणं घेतात आणि अंगठा नेमका पंचम जॉर्जच्या गालावर दाबतात. नाणं कडेनं धरतात, हे त्यांना ठाऊक नाही असं नाही. पण त्यानं पकड येत नाही म्हणे. घामातल्या क्षारांना आणि तेलाला मात्र पकड चांगली येते. काही महिन्यांनी बादशहाच्या गालावर तपकिरी ठसा उमटतो, रेघान् रेघ स्पष्ट.

मग काका रुपया वाजवतात. त्यासाठी सतरंजी बाजूला सारून शहाबादी फरशी मोकळी केली जाते. ‘खण्ण!’ सगळे माना डोलावतात. काकांचं समाधान होत नाही, कारण पंखा चालू होता. पंखा बंद होतो, उंची वाढते, रुपया कडेवर आपटतो आणि गडगडत कपाटाखाली जातो. कडेचे दोन दाते बसलेले असतात. ‘पेशवाईत सराफ असंच करायचे,’ काका सांगतात. ते वाजवून पारखायचे हे खरं. पण त्यांना तो रुपया दुसऱ्या दिवशी बाजारात चालवायचा होता, दीडशे वर्षांनी लिलावात मांडायचा नव्हता.

चुंबक चिकटत नाही. साऱ्या तपासणीत नाण्याला इजा न करणारी कृती काय ती एवढीच, आणि तिचा उपयोगही तेवढाच. कारण चुंबक तांब्याला चिकटत नाही, पितळेला नाही आणि जर्मन सिल्व्हरलाही नाही. खरं तर एक साधा वजनकाटा पुरे. 1940 पूर्वीचा इंग्रजी रुपया 11.66 ग्रॅमचा, म्हणजे बरोबर एक तोळा. दोऱ्यानं पाण्यात टांगला तर वजन साधारण 1.1 ग्रॅमनं कमी भरतं, कारण त्यात जवळजवळ 92 टक्के चांदी असते. ओरखडा नाही, डाग नाही, पैसा नाही. ‘ते शाळेतल्या पोरांचं,’ म्हणत काका पिशवीतून कानस काढतात.

कडेवर खाच पाडून त्यात तेजाबाचा थेंब. इथे एकदा भलताच प्रसंग ओढवला. 1944 सालच्या रुपयावर थेंब हिरवा पडला आणि काकांनी जाहीर केलं, ‘बनावट! सरकारनं फसवलं!’ युद्धकाळात, 1940 पासून, सरकारनं रुपयातली चांदी निम्म्यावर आणली होती. तेव्हा आरोप अगदीच निराधार नव्हता. फक्त नाणं अस्सल होतं. मालकानं ते निराशेनं मुलाच्या खेळण्यांत टाकलं.

सगळ्यात मोठा सोहळा शेवटी असतो. ‘काळं पडलंय अगदी. दोन मिनिटांत नवं करून देतो.’ चिंच, रांगोळी, टूथपेस्ट, जुना ब्रश. हवेतल्या गंधकानं वर्षानुवर्षं चांदीवर चढवलेला निळसर-जांभळा थर संग्राहक जिवापाड जपतात. काकांच्या लेखी तो मळ. टाकसाळीत ठशाच्या दाबाखाली धातू पसरतो, तेव्हा त्यावर अतिसूक्ष्म रेषा उठतात. नव्या नाण्याची ती फिरती झळाळी त्या रेषांची असते. टूथपेस्टनं त्या एकदा गेल्या की परत आणणारा कारागीर पृथ्वीवर नाही. उरते ती स्टीलच्या वाटीची चकाकी.

या घासाघाशीत इतिहासही धुऊन निघतो. पंचम जॉर्जच्या रुपयावर मागच्या बाजूला खालच्या कमळाजवळ बारीकसा ठिपका असला तर नाणं मुंबईचं, नसला तर कलकत्त्याचं. काकांच्या हातून गेलेली सगळी नाणी कलकत्त्याची. आणि तो 1911 सालचा प्रसिद्ध रुपया! बादशहाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली, नाणी परत घेऊन वितळवली आणि 1912 साली हत्तीची सोंड सुधारून नवा ठसा आला. असा एक वाचलेला रुपया आमच्या शेजारी निघाला. हत्ती की डुक्कर, हा वाद काकांनी रांगोळीच्या तीन चिमट्यांत कायमचा मिटवला. आता तिथे कुठलाच प्राणी नाही.

अर्थात सगळं पाप काकांच्या माथी मारणं बरं नव्हे. दर लक्ष्मीपूजनाला त्याच रुपयाला पंचामृताचं स्नान, वर हळदकुंकू आणि मग धोतराच्या फडक्यानं खसाखसा पुसणं, हे आपल्याच घरात चालतं. कडी डाकवून त्याचा ताईत करणाऱ्या पणजीपुढे तर काकाही फिके. पण पणजीनं तज्ज्ञ असल्याचा दावा कधी केला नव्हता.

काकांच्या स्वतःच्या संग्रहात 1939 सालचा रुपया आहे. अस्सल सापडणं महाकठीण आणि बनावट बाजारात बक्कळ. तो त्यांनी आजवर वाजवलेला नाही, घासलेला नाही, वजनालाही ठेवलेला नाही. ‘काही गोष्टी नजरेला कळतात,’ ते म्हणतात.

गेल्या हिवाळ्यात शेजारच्या पोराला घेऊन ते नाण्यांच्या प्रदर्शनाला गेले. सोबत तो घासूनपुसून लख्ख केलेला 1911चा रुपया. दुकानदारानं भिंग लावलं, नाणं उलटंपालटं केलं, कडेची खाच पाहिली, झग्यावर थोडा वेळ शोधाशोध केली आणि काही न बोलता ते काट्यावर ठेवून मोडीचा भाव सांगितला. पोराचा चेहरा पडला. काकांनी त्याला कोपरानं ढोसलं.

‘बघितलंस? चांदीच निघाली!’